ऊन सगळ्यांचे, भाडे सातबाऱ्याचे!

'पडीक जमीन सौर प्रकल्पाला द्या आणि घरबसल्या एकरी पन्नास हजार रुपये मिळवा', अशी हाक गेली काही वर्षे महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत दिली जात आहे. महावितरणच्या उपकेंद्राजवळच्या गावांत कंपन्यांचे दलाल फिरू लागले आहेत. तलाठ्याच्या कार्यालयातून उतारे काढले जात आहेत. ज्या माळरानाकडे काल कुणी ढुंकून पाहत नव्हते, त्या माळरानाची आज मोजणी होत आहे. कापसाला भाव नाही, सोयाबीन घातलेला खर्च देत नाही, पाऊस आपल्या मर्जीने येतो. अशा अवस्थेत वर्षाकाठी ठरलेली रक्कम बँकेत जमा होणार असेल, तर कोरडवाहू शेतकऱ्याला ती हवीशी वाटणारच. त्याला आम्ही नावे ठेवणार नाही. पण या हाकेत तीन माणसांचा उल्लेख नाही. ज्याच्या नावावर सातबाराच नाही तो भूमिहीन मजूर, गायरान कसता कसता ज्याच्या दोन-तीन पिढ्या सरल्या तो अतिक्रमणधारक, आणि ज्याच्या सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग दोन' असे लिहिले आहे तो वतनदाराचा वारस. ही तिन्ही माणसे बहुतांशी आपल्याच वस्तीत राहतात. म्हणून या प्रश्नावर चळवळीने गप्प बसणे आम्हाला परवडणारे वाटत नाही.

आधी योजना काय आहे ते नीट समजून घेतले पाहिजे. राज्य सरकारने २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली आणि २०२३ साली तिची दुसरी आवृत्ती जाहीर केली. गावच्या कृषी वाहिनीला जवळच्याच सौर प्रकल्पातून वीज द्यायची आणि शेतकऱ्याला रात्रीऐवजी दिवसा पाणी देता यावे, हा त्यामागचा हेतू. खाजगी जमीन भाड्याने घेतली तर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये किंवा रेडीरेकनर किमतीच्या सहा टक्के, यांपैकी जी रक्कम जास्त असेल ती, आणि त्यावर दरवर्षी तीन टक्के सरळ वाढ, असे भाडे २०२३ मध्ये ठरवण्यात आले. सरकारी जमीन मात्र वर्षाला नाममात्र एक रुपया भाड्याने द्यायची! ज्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत प्रकल्प होईल तिला दरवर्षी पाच लाख याप्रमाणे तीन वर्षांत पंधरा लाख रुपये. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशिम येथे पंतप्रधानांच्या हस्ते या योजनेतल्या पाच प्रकल्पांचे लोकार्पणही झाले. केंद्र सरकारने २०१९ साली आणलेल्या कुसुम योजनेच्या 'अ' घटकात तर अर्धा ते दोन मेगावॅटचा प्रकल्प शेतकऱ्याला, सहकारी संस्थेला किंवा पंचायतीला स्वतः उभारण्याची, आणि भांडवल नसेल तर जमीन भाड्याने देण्याची तरतूद होती.

आम्ही विजेच्या किंवा सौर ऊर्जेच्या विरोधात नाही, हे स्पष्ट सांगतो. विरोधात असणे बाबासाहेबांच्या अनुयायांना शोभणारही नाही. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना वीज हे खाते बाबासाहेबांकडेच होते. दामोदर खोरे प्रकल्पाची पायाभरणी त्यांच्या कारकिर्दीत झाली. देशाच्या विजेचे नियोजन करणारे केंद्रीय तांत्रिक वीज मंडळही त्याच काळात उभे राहिले. शेतीवरचा माणसांचा भार हलका व्हायचा तर उद्योग वाढले पाहिजेत आणि उद्योग वाढायचे तर वीज मुबलक व स्वस्त पाहिजे, ही त्यांची मांडणी होती. लहान शेतीचा रोग शेताच्या तुकड्यांत नसून शेतीवर अवलंबून असलेल्या अतिरिक्त माणसांत आहे, हे तर त्यांनी १९१८ सालीच लिहून ठेवले. परंतु याच बाबासाहेबांनी वीज कुणाच्या मालकीची हाही प्रश्न विचारला. १९४७ च्या 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या निवेदनात त्यांनी मूलभूत उद्योग व शेती राज्याच्या मालकीची करण्याची मागणी केली, ती गावात मालक आणि भूमिहीन असा भेदच राहू नये म्हणून. वीज हवी, पण तिच्या मालकीतून नवी जमीनदारी उभी राहता कामा नये, ही आमची कसोटी तिथून आलेली आहे.

आता या कसोटीवर एकरी पन्नास हजारांची हाक घासून पाहू. २०११ च्या जनगणनेनुसार देशात अनुसूचित जाती १६.६ टक्के आहेत. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार वहिवाटीखालच्या एकूण क्षेत्रापैकी त्यांच्याकडे नऊ टक्केसुद्धा क्षेत्र नाही. अनुसूचित जातींचे जे लोक शेतीत राबतात, त्यांच्यातले दर दहापैकी सुमारे सात जण दुसऱ्याच्या बांधावर मजुरी करणारे आहेत. ऊन सर्वांच्या डोक्यावर सारखे पडते, मजुराच्या डोक्यावर तर जरा जास्तच. पण उन्हाचे भाडे मिळते ते सातबारा ज्याच्या नावावर आहे त्याला. जमीनमालकाने वीस एकर कंपनीला दिले की त्याला वर्षाला दहा लाख मिळतील. त्या वीस एकरांत खुरपणी, वेचणी, सोंगणी करणाऱ्या बायांना काय मिळेल? तारेचे कुंपण! पॅनेल धुवायला आणि राखणीला लागतात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसे. बटईने कसणाऱ्याला कुणी नोटीससुद्धा देत नाही, कारण कागदावर तो नसतोच.

हे आम्ही कल्पनेने लिहीत नाही. कर्नाटकात तुमकूर जिल्ह्यातील पावगडा तालुक्यात २०५० मेगावॅटचा प्रचंड सौर प्रकल्प उभा आहे. तिथे पाच गावांतली सुमारे तेरा हजार एकर जमीन विकत न घेता शेतकऱ्यांकडून भाड्याने घेतली गेली. एकरी वर्षाला एकवीस हजार रुपये आणि दर दोन वर्षांनी पाच टक्के वाढ, असा दर ठरला. मालकी शेतकऱ्याकडेच राहिली, म्हणून या नमुन्याचे देशभर कौतुक झाले, आणि ते अगदीच चुकीचे नव्हते. सततच्या दुष्काळाने पिचलेल्या मोठ्या शेतकऱ्याचे तिथे खरोखर भले झाले. पण त्याच गावांतल्या भूमिहीन मजुरांचे शेतातले काम गेले, मेंढ्या-शेळ्या चारणाऱ्यांचे रान गेले, आणि अनेकांना कामासाठी गाव सोडावे लागले, हे अभ्यासकांनी आणि पत्रकारांनी नोंदवून ठेवले आहे. जास्त जमीन त्याला जास्त भाडे, कमी जमीन त्याला कमी, आणि ज्याला जमीनच नाही त्याला काही नाही. हा जुनाच हिशेब नव्या काचेखाली मांडलेला आहे.

आता गायरानाकडे वळू. महाराष्ट्रातल्या भूमिहीनांचा इतिहास हा गायरानाचा इतिहास आहे. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ चा आणि त्यानंतर डिसेंबर १९६४ पासूनचा भूमिहीनांचा सत्याग्रह झाला, तेव्हा लाखो माणसे तुरुंगात गेली. त्यात आपल्या आया-बहिणी कडेवरच्या लेकरांसह होत्या. त्या लढ्यांच्या रेट्यातूनच पुढे शासनाने पडीक सरकारी जमिनीवरची भूमिहीनांची अतिक्रमणे नियमित करण्याचे निर्णय घेतले. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करायचे ठरले. ही तारीख बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीशी जोडलेली होती. पण निर्णय कागदावर झाला आणि सातबारा अनेकांच्या हाती अजून आलेला नाही. पंचनामे हरवले, दंडाच्या पावत्या वाळवीने खाल्ल्या, तहसीलदार बदलून गेले. माणूस मात्र तिथेच ज्वारी पेरीत राहिला.

आणि आता त्याच गायरानाचा गट क्रमांक सौर प्रकल्पाच्या यादीत दिसतो. ज्याने दगड वेचून माळाचे शेत केले तो अतिक्रमणधारक, आणि ज्याला ते वर्षाला एका रुपयाने मिळणार ती कंपनी गुंतवणूकदार! हा कुठला न्याय? विरोध केला की अधिकारी सर्वोच्च न्यायालयाच्या २८ जानेवारी २०११ च्या जगपाल सिंग निकालाचा हवाला देतात. त्यांनी तो निकाल शेवटपर्यंत वाचावा, अशी आमची विनंती आहे. गावच्या सामायिक जमिनीवरची अतिक्रमणे हटवा, असे तो सांगतो हे खरे. पण शासनाच्या अधिसूचनेनुसार भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना जमीन दिलेली असेल, तर त्याचा अपवादही त्याच निकालात नमूद आहे. शिवाय सामायिक जमीन धनदांडग्यांच्या घशात जाऊ नये, ही त्या निकालामागची तळमळ आहे. तोच निकाल दाखवून भूमिहीनाला उठवायचे आणि कंपनीला बसवायचे, ही कायद्याची थट्टा आहे.

तिसरा माणूस वर्ग दोनचा. याच्याकडे जमीन आहे, पण तिचे कागद बांधलेले आहेत. महार वतनाच्या गुलामीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले. वतने प्रत्यक्षात गेली ती १९५८ च्या कनिष्ठ ग्रामवतने निर्मूलन कायद्याने. त्या जमिनी नवीन शर्तीवर परत दिल्या गेल्या. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय हस्तांतरण नाही, ही ती शर्त. इथे वाचकांनी एक गोष्ट मनावर कोरून घ्यावी. भाडेपट्टा म्हणजे विक्री नव्हे, म्हणून त्याला परवानगी लागत नाही, असे दलाल सांगतात. ते खोटे आहे. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ चे कलम १०५ भाडेपट्ट्याची व्याख्याच उपभोगाच्या हक्काचे हस्तांतरण अशी करते. परवानगी न घेता तीस वर्षांचा पट्टा करून दिला तर तो शर्तभंग ठरू शकतो आणि जमीन सरकारजमा होण्याची वेळ येऊ शकते. कंपनी दुसरी जमीन शोधील. आपले वतन मात्र जाईल.

वतनाच्या जमिनी कशा जातात हे आपण पुन्हा पुन्हा पाहिले आहे. पुण्याच्या मुंढव्यातील सुमारे चाळीस एकर महार वतनाच्या जमिनीचा तीनशे कोटींचा व्यवहार नोव्हेंबर २०२५ मध्ये उजेडात आला, तेव्हा त्याच्या मुळाशीही वारसांकडून घेतलेली जुनी कुलमुखत्यारपत्रे निघाली. शहरात जे बिल्डरसाठी झाले तेच उद्या माळरानावर सौर कंपनीसाठी होईल. म्हणून आमचे हात जोडून सांगणे आहे, कुलमुखत्यारपत्रावर अंगठा देऊ नका. कितीही जवळचा माणूस मध्ये असो.

कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबलीकरण व स्वाभिमान योजनेची गोष्टही अशीच. २००४ पासून दारिद्र्यरेषेखालील अनुसूचित जाती व नवबौद्ध भूमिहीन कुटुंबांना चार एकर कोरडवाहू किंवा दोन एकर बागायती जमीन देण्याची ही योजना, २०१८ पासून शंभर टक्के अनुदानावर आली. या जमिनी विकता किंवा हस्तांतरित करता येत नाहीत, आणि ते बंधन योग्यच आहे. नाहीतर त्या एका पिढीत सावकाराच्या घरी गेल्या असत्या. पण शेजारचा जमीनदार चार एकरांचे दोन लाख भाडे घेणार आणि स्वाभिमानचा लाभार्थी नापीक बरड कसत राहणार, हेही बरोबर नाही. मालकी अबाधित ठेवून, कुटुंबातील स्त्रीच्या खात्यात थेट भाडे जमा होईल असा पट्टा, जिल्हाधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली आणि नजराणा न घेता करता येईल, असा नियम शासनाने केला पाहिजे. बंधन विक्रीवर असावे, उत्पन्नावर असू नये.

ज्यांचा सातबारा निर्वेध आहे अशा आपल्या बांधवांसाठीही दोन शब्द. आमच्याकडे वाचून दाखवण्यासाठी असे करारनामे येतात. बहुतेक इंग्रजीत असतात आणि सही आधी झालेली असते, शंका नंतर येते. तसे करू नका. करार मराठीत मागा. एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदणी कायदा १९०८ प्रमाणे नोंदवावाच लागतो. नोटरीच्या शिक्क्यावर भागत नाही. सर्व वारसांची, विशेषतः बहिणींची, नावे आधी सातबाऱ्यावर आणा, मगच सही करा. कंपनी आपली जमीन बँकेकडे गहाण ठेवू शकणार नाही, असे स्पष्ट शब्दांत लिहून घ्या. कंपनीने प्रकल्प दुसऱ्याला विकला किंवा तिचे दिवाळे निघाले तर भाडे कोण देणार, ते लिहून घ्या. तंटा झाल्यास लवाद दिल्लीत की आपल्या जिल्ह्यात, ते पाहा. दिल्लीला जाण्याचे भाडे परवडत नाही म्हणून हरलेले खटले पुष्कळ आहेत. मुदत संपल्यावर काँक्रीटचे पाये, लोखंड आणि फुटकी पॅनेल उचलून जमीन पूर्ववत कोण करून देणार, आणि त्यासाठी अनामत रक्कम किती, तेही लिहून घ्या. आणखी एक. जमीन शेतीसाठी वापरली जात असेल तरच तिचे भाडे आयकरात शेती उत्पन्न धरले जाते. पॅनेलखालच्या जमिनीचे भाडे तसे राहत नाही, आणि तिथे पीक नसल्यामुळे पीककर्ज व पीकविमाही मिळणार नाही.

भाड्याचा हिशेबही करून पाहा. सव्वा लाखावर तीन टक्के सरळ वाढ धरली, तर तिसाव्या वर्षी हेक्टरी भाडे सुमारे दोन लाख चौतीस हजार होते. महागाई वर्षाला पाच टक्के धरली, तर आजच्या सव्वा लाखाची ऐपत टिकवायला त्या वर्षी पाच लाखांहून अधिक रुपये लागतील. म्हणजे नातवाच्या हाती पडणाऱ्या भाड्याची किंमत आजच्या निम्म्याहूनही कमी. म्हणून दर पाच वर्षांनी फेरआढाव्याची अट मागितली पाहिजे. एकट्याने मागितली तर दलाल हसेल. वीस शेतकऱ्यांनी मिळून मागितली तर कंपनीला बसून बोलावे लागेल.

पैसा गावात येतो तेव्हा त्यामागून गुंडगिरीही येते, हे विसरून चालणार नाही. बीड जिल्ह्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची ९ डिसेंबर २०२४ रोजी निर्घृण हत्या झाली. पवनऊर्जा कंपनीकडे मागितलेल्या दोन कोटींच्या खंडणीच्या आड आल्यामुळे ती झाली, असे तपास यंत्रणेच्या आरोपपत्रात म्हटले आहे. त्याच्या तीनच दिवस आधी, ६ डिसेंबरला, त्या प्रकल्पाच्या आवारात घुसून ज्या सुरक्षारक्षकाला मारहाण झाली तो दलित समाजातला होता आणि सरपंच त्याच्या मदतीला धावून गेले होते. ऊर्जा 'हरित' असली म्हणून तिच्याभोवतीचे गाव आपोआप न्यायी होत नाही. ज्याच्या हातात काठी आणि सत्ता, त्याच्या हातात भाडे, ही रीत जुनीच आहे.

तेव्हा चळवळीची मागणी काय असावी? पहिली, कोणतेही गायरान प्रकल्पाला देण्याआधी त्यावरील भूमिहीनांचे जुने दावे निकाली काढा आणि पात्र माणसाच्या हाती सातबारा द्या. तो झाल्यावर भाडे त्याला मिळू द्या, एक रुपया नव्हे, पूर्ण सव्वा लाख. दुसरी, सरकारी जमिनीवर प्रकल्प होणारच असेल तर खाजगी दराइतकी रक्कम गावच्या भूमिहीन कुटुंबांत वाटण्याची तरतूद करा. तिसरी, ग्रामपंचायतीला मिळणाऱ्या पंधरा लाखांतला लोकसंख्येच्या प्रमाणातला वाटा दलित वस्तीवर खर्च झाला की नाही, याचा हिशेब ग्रामसभेत मांडा. चौथी, भूमिहीन व अल्पभूधारकांच्या सहकारी संस्थांना प्रकल्प उभारण्यासाठी सामाजिक न्याय खात्याने भांडवल द्यावे, म्हणजे आपला माणूस केवळ भाडेकरूंचा मालक न राहता विजेचा मालक होईल. पाचवी, प्रकल्पातली राखणीची व देखभालीची कामे आधी त्याच गावातल्या मजुरांना द्या, आणि आयटीआय शिकलेल्या आपल्या पोरांना तंत्रज्ञ म्हणून घ्या.

या मागण्या निवेदन देऊन मान्य होणार नाहीत, हे दादासाहेबांच्या वारसांना सांगायला नको. त्यासाठी प्रत्येक तालुक्यात कार्यकर्त्यांनी माहितीच्या अधिकारात अर्ज करून आपल्या गावचे कोणते गट क्रमांक प्रकल्पाच्या यादीत आहेत ते काढावे. गायरानधारकांनी जुन्या पावत्या, पीकपाण्याच्या नोंदी, नोटिसा, जे काही असेल ते एकत्र करून त्यांच्या प्रती काढून ठेवाव्यात. ग्रामसभेच्या दिवशी मजुरीवर न जाता सभेला जावे आणि आपला आक्षेप ठरावाच्या वहीत लिहूनच घ्यावा. समाजातल्या वकिलांनी आठवड्यातला एक दिवस विहारात बसून असे करारनामे फुकट वाचून द्यावेत. आम्ही ते करतो आहोत आणि करीत राहू.

गावकुसाबाहेर आपल्याला जागा दिली ती गावाला नको असलेल्या माळावर. आज त्याच माळाला भाव आला आहे. आता तरी तो माळ आपल्या हातून जाऊ देऊ नका. जयभीम!